माग आणि मजकूर : नीराकाठच्या रामोशांचा वारसा

एखाद्या लोकसमूहाचा वारसा सांगू लागताच पहिली अडचण येते ती नावाची. नाव त्या समूहाने स्वतःला दिलेले आहे, शेजाऱ्यांनी दिलेले आहे, की दप्तर ठेवणाऱ्या सरकारने दिलेले आहे, या प्रश्नाच्या उत्तरावर पुढच्या कथनाची दिशा बरीचशी अवलंबून असते. पुणे आणि सातारा या जिल्ह्यांच्या सीमेवर, नीरा नदीच्या दोन्ही अंगांना पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या रामोशी समाजाच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. समाजाला मान्य असलेली व्युत्पत्ती 'रामवंशी' अशी आहे. काही अभ्यासकांनी 'रानवासी' या शब्दाकडे बोट दाखवले आहे. पहिली व्युत्पत्ती वंशाकडे नेते आणि दुसरी रानाकडे. गावातल्या रोजच्या व्यवहारात मात्र संबोधन 'नाईक' असे असते, आणि त्या संबोधनात एका अधिकाराची आठवण आहे. याउलट प्रमाण मराठीत 'रामोशी' हे जातीच्या नावाबरोबर एका कामाचेही नाव झाले. रामोशी म्हणजे राखणदार, रात्रीचा पहारेकरी. एकोणिसाव्या शतकातील पुण्यात बंगल्यांवर रामोशी नेमण्याची रीत होती आणि रामोशी नेमला नाही तर चोरी होईल, अशी भीती त्या नेमणुकीमागे असे, हे इंग्रज लेखकांनी नमूद करून ठेवले आहे. राखणारा तोच आणि संशयित तोच, असा दुहेरी अर्थ एकाच शब्दात साठत गेला. हा अर्थ आपोआप साठला नाही. त्याला एक इतिहास आहे आणि त्या इतिहासाला एक भूगोल आहे.

तो भूगोल शिरवळला उभे राहिले की नीट कळतो. शिरवळ नीरेच्या दक्षिणेस, सातारा जिल्ह्यात. नदी ओलांडली की पुणे जिल्हा लागतो. उत्तरेस पुरंदरचा डोंगर, पश्चिमेस भोरचा मुलूख. सुभानमंगळ या भुईकोटामुळे शिरवळचे नाव शिवकालाच्या प्रारंभीच्या इतिहासात येते; १६४८ मध्ये फत्तेखानाच्या स्वारीच्या वेळी या कोटासाठी झालेली झुंज स्वराज्याच्या पहिल्या लढायांत गणली जाते. कोटाचे आज फारसे काही उरलेले नाही. परंतु या ठिकाणाचे खरे महत्त्व त्याच्या सीमेवर असण्यात आहे, आणि १८१८ नंतर ते आणखी वाढले. पेशवाई बुडाल्यावर १८१९ च्या तहाने इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे राज्य दिले. नीरेच्या उत्तरेस कंपनी सरकारचा पुणे जिल्हा, दक्षिणेस साताऱ्याचे राज्य आणि पश्चिमेस भोरच्या पंत सचिवांची जहागीर, अशा तीन सत्ता या टापूत एकमेकींना भिडल्या. नदी तीच, घाट तेच, जेजुरीच्या खंडोबाला जाणाऱ्या वाटाही त्याच; पण पाण्याच्या अल्याडपल्याड गुन्ह्याची व्याख्या करणारी कचेरी बदलू लागली. ज्या समाजाचे सारे कसब हद्द ओळखण्यात आणि हद्द राखण्यात होते, त्याच्या दृष्टीने ही घडामोड साधी नव्हती.

रामोशांचे हे कसब नेमके काय होते? गावगाड्यात त्यांच्याकडे गावाची, शिवाराची आणि वाटांची राखण असे. किल्ल्यांच्या घेऱ्यात पहाऱ्याची आणि मेटांची जबाबदारी असे. त्याबद्दल धान्याचा वाटा, इनाम जमीन, आणि रखवालीचा हक्क मिळे. या व्यवस्थेचा गाभा होता 'माग'. गावात चोरी झाली की रामोशी चोराच्या पावलांचा माग काढी. माती, धूळ, दव, मोडलेली काडी, उलटा पडलेला दगड यांवरून तो चालत राही. माग गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावच्या हद्दीत शिरल्याचे दाखवून दिले, की जबाबदारी त्या गावच्या राखणदारावर जाई आणि माग पुढे नेण्याचे काम त्याचे होई. माग शिवेच्या आत हरवला तर चोरीची भरपाई ज्याच्या हद्दीत तो हरवला त्याने करावयाची. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात दख्खनमधील राखणदारांच्या या पद्धतीचे वर्णन केलेले आहे. तिच्यात न्यायव्यवहाराच्या बऱ्याच गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. पुरावा आहे, पुराव्याचे वाचन आहे, वाचन करणाऱ्याचे उत्तरदायित्व आहे, आणि आपल्या वाचनाची सीमा कोठे संपते याचे भानही आहे. ही विद्या ग्रंथात नव्हती. ती पायांत आणि डोळ्यांत होती, आणि बापाकडून मुलाकडे जात होती.

अर्थात, या व्यवस्थेला गोंडस रूप देण्याचे कारण नाही. राखण करणारा दुखावला तर तोच लूट करी. रखवालीचा हक्क थकला की तो वसूल करण्याच्या रीतीही उग्र असत. गावगाड्यातील त्यांचे स्थान मानाचे जितके तितकेच खालचे होते. पेशवाईच्या अखेरच्या काळातही पुरंदरच्या रामोशांचा आणि सरकारचा तंटा झालेला होता. तथापि तो तंटा हक्क किती आणि कोणाचा, असा होता. हक्क मुळात आहे, हे उभय पक्षांना मान्य होते. १८१८ नंतर प्रश्नाचे स्वरूपच पालटले. किल्ले नव्या सरकारच्या दृष्टीने निरुपयोगी, किंबहुना धोक्याचे ठरले. पहारे उठले, मेटे मोडली, आणि किल्ल्यांशी बांधलेली इनामे व नेमणुका आटल्या. नव्या कायद्याच्या भाषेत रखवालीच्या हक्काला जागा राहिली नाही. तो खंडणी या सदरात जाऊन पडला. माग काढण्याची विद्या पोलिसांच्या उपयोगाची तेवढी राहिली. एका समाजाचा अधिकार अशा रीतीने एका नामांतराने गुन्हा झाला.

उमाजी नाईक या नामांतराच्या काळातला माणूस. त्याचा जन्म ७ सप्टेंबर १७९१ रोजी पुरंदर तालुक्यातील भिवडी येथे, खोमणे घराण्यात झाला. घराण्याकडे पुरंदर किल्ल्याच्या राखणीची नाईकी होती. १८२० नंतरच्या दशकात रामोशांच्या टोळ्यांनी पुणे-साताऱ्याच्या मुलखात जी धामधूम केली तिचे नेतृत्व त्याच्याकडे येत गेले. इंग्रज सरकारने बक्षिसे लावून पाहिली, फौजा पाठवून पाहिल्या, आणि शेवटी १८२८ च्या सुमारास तडजोड केली. ज्याला पकडावयाचे त्यालाच मुलखाच्या बंदोबस्तासाठी नोकरीत घेतले. ही तडजोड टिकली नाही. उमाजी पुन्हा बाहेर पडला आणि १६ फेब्रुवारी १८३१ रोजी त्याचा जाहीरनामा निघाला. इंग्रज सरकारला महसूल देऊ नये, त्याची चाकरी सोडावी, ज्यांची वतने गेली त्यांनी येऊन मिळावे, अशा आशयाचा हा मजकूर आहे. त्याच्या हकीकतीत हा क्षण निर्णायक मानावा लागतो. तोवर तो आपल्या हक्काची मागणी करणारा नाईक होता; जाहीरनाम्यात तो हुकूम काढणाऱ्या सत्तेच्या स्वरात बोलतो. रखवालीच्या कल्पनेची व्याप्ती येथे एका गावापासून मुलखापर्यंत वाढलेली दिसते. वतने गमावलेल्या सर्वांना त्यात हाक आहे, आणि ती जातीच्या सीमेत मावणारी नाही.

डिसेंबर १८३१ मध्ये भोरनजीक उत्रौली येथे तो पकडला गेला. पकडून देणारे त्याच्या माहितीतले लोक होते आणि सरकारने लावलेले बक्षीस मोठे होते. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी देण्यात आली. या मोहिमेत असलेला मद्रासच्या देशी पायदळातील कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश याने पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, रामोशांची उत्पत्ती, त्यांची तत्कालीन स्थिती आणि उमाजीचे चरित्र यांवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. कैदेतील उमाजीशी त्याने बोलून माहिती घेतली होती. रामोशी समाजाविषयीचा पहिला सविस्तर ग्रंथ अशा रीतीने त्या समाजाचा पाठलाग करणाऱ्याने लिहिला, आणि उमाजीचा पहिला चरित्रकार त्याच्या शत्रुपक्षातला अधिकारी ठरला. १८३१ हेच मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या पहिल्या आवृत्तीचेही वर्ष. मराठी शब्द आणि मराठी माणसे यांची नोंद करण्याचे काम एकाच वेळी, एकाच राज्यकारभाराच्या सोयीने चालू होते.

मॅकिन्टॉशचे पुस्तक वाचणे हा एक गुंतागुंतीचा अनुभव आहे. ते तुच्छतेने भरलेले असते तर बाजूला ठेवता आले असते. तसे ते नाही. लेखकाला माहितीची भूक आहे. चव्हाण आणि जाधव या मुख्य विभागांची नोंद, लग्नाच्या रीती, खंडोबाची भक्ती, बेलभंडार उचलून घ्यावयाची शपथ, टोळीची शिस्त, लुटीचे वाटे आणि रामोशांची आपसातली गुप्त बोली हे सारे त्याने टिपून ठेवले आहे. त्या बोलीतील द्रविड वळणाचे शब्द त्याने नोंदले नसते तर त्यांपैकी किती पुढे राहिले असते, हे सांगणे कठीण आहे. उमाजीच्या धाडसाविषयी आणि बुद्धीविषयीही त्याच्या मनात एक प्रकारची दाद आहे. तथापि या ग्रंथाची रचना पाहिली की तिच्यामागचा हेतू लपत नाही. आधी जमात, मग जमातीचे स्वभाव, मग त्या स्वभावाचा नमुना म्हणून एक माणूस. १८१८ मध्ये काय हिरावले गेले याचे कथन त्यात येते, पण ते कारण म्हणून ठाम उभे राहत नाही. सवयींच्या वर्णनात ते विरून जाते. उमाजी जे मराठीत बोलला असेल ते या संहितेत इंग्रजी होऊन येते. साक्ष, कबुली आणि आत्मकथन या तीन प्रकारांच्या सीमा तुरुंगात पुसट होतात, आणि संवाद लिहून घेणाऱ्याच्या हाती फाशीचा दोर असेल तर बोलणाऱ्याने काय सांगितले आणि काय गिळले, हे वाचकाने सतत लक्षात ठेवावे लागते.

या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरील एक तपशील विचाराला निराळी वाट दाखवतो. ते मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात छापले गेले. १८१३ मध्ये मुंबईत आलेले आणि पुढे 'ज्ञानोदय' काढणारे हे तेच मिशन. मराठी मुद्रणाच्या इतिहासात त्याचे स्थान सर्वपरिचित आहे. ज्या अमेरिकन बोर्डाने ते चालवले त्याच बोर्डाचे दुसरे महत्त्वाचे कार्यक्षेत्र अमेरिकेतील आदिवासींमध्ये, विशेषतः चेरोकी राष्ट्रात होते. तेथेही छपाई चालू होती आणि १८२८ पासून चेरोकींचे वृत्तपत्र त्यांच्या स्वतःच्या लिपीत निघत होते. १८३० च्या मे महिन्यात अमेरिकेत आदिवासींना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा झाला. त्याला विरोध करण्यात बोर्डाचे कार्यवाह जेरेमाया एव्हर्ट्‌स आघाडीवर होते. चेरोकींमध्ये राहणारे मिशनरी सॅम्युएल वूस्टर यांना जॉर्जिया राज्याचे परवाने व शपथ नाकारल्याबद्दल १८३१ मध्ये तुरुंगवास झाला. उमाजीच्या फाशीनंतर जेमतेम एका महिन्याने, ३ मार्च १८३२ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वूस्टर यांच्या बाजूने निकाल दिला. विस्थापन मात्र त्यामुळे थांबले नाही. एकाच संस्थेचा एक हात तेथे हुसकावल्या जाणाऱ्या लोकांची लिपी छापत होता, आणि दुसरा येथे हुसकावणाऱ्या अधिकाऱ्याचे पुस्तक. यात कोणाला दोषी ठरवण्याचा प्रश्न नाही. छापखाना काय छापतो ते त्याच्याजवळ कोणता मजकूर येतो यावर ठरते, आणि नीराकाठचा मजकूर मॅकिन्टॉशखेरीज कोणी आणला नव्हता.

चेरोकींचे दक्षिणेकडचे शेजारी म्हणजे 'क्रीक' लोक. मराठी वाचकाला 'क्रीक' म्हटले की ठाण्याची खाडी आठवते. अमेरिकी इंग्रजीत त्याचा अर्थ ओढा. 'ओचीसी क्रीक' या प्रवाहाच्या काठी राहणाऱ्यांना इंग्रज व्यापाऱ्यांनी दिलेले हे नाव पुढे सबंध संघाला चिकटले. ते स्वतःला मस्कोगी म्हणतात. आजच्या जॉर्जिया आणि अलाबामा या राज्यांच्या भूमीवर त्यांच्या स्वायत्त नगरांचा संघ होता. प्रत्येक नगराच्या मध्यचौकात पवित्र अग्नी असे आणि नव्या मक्याच्या वार्षिक सणात तो विझवून पुन्हा चेतवला जाई. १८१४ मध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईनंतर झालेल्या तहाने त्यांची सुमारे २ कोटी ३० लाख एकर भूमी गेली. त्यात अमेरिकनांच्या बाजूने लढलेल्या क्रीकांचीही भूमी होती. १८२५ मध्ये विल्यम मॅकिन्टॉश या स्कॉटिश पित्याच्या आणि क्रीक मातेच्या प्रमुखाने राष्ट्रसभेची संमती नसताना उरलेल्या जमिनीचा मोठा भाग करारावर सही करून देऊन टाकला. जमीन विकणाऱ्याला मृत्युदंड, असा राष्ट्राचा कायदा होता; तो त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच्यावर बजावला गेला. आडनावाचे साम्य सोडले तर रामोशांच्या मॅकिन्टॉशशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही. पण एकाच दशकात, जगाच्या दोन टोकांना, त्याच नावाच्या एका माणसाने एका समाजाची भूमी लिहून दिली आणि दुसऱ्याने दुसऱ्या समाजाची कहाणी लिहून घेतली, हे लक्षात राहण्यासारखे आहे.

मार्च १८३२ च्या तहाने मिसिसिपीच्या पूर्वेकडील उरलेल्या भूमीवरील क्रीक राष्ट्राचा हक्क संपला, आणि १८३६ मध्ये सैन्याच्या पहाऱ्यात त्यांना पश्चिमेस नेण्यात आले. काही शेकडो पुरुष साखळदंडांत होते. पुढच्या वर्षी 'मॉनमथ' ही आगबोट मिसिसिपीत बुडाली तेव्हा तीनशेहून अधिक क्रीक मृत्यू पावले. लोचापोका नगराच्या लोकांनी आपल्या चौकातल्या अग्नीची राख सोबत नेली आणि अर्कान्सा नदीकाठी एका ओकच्या झाडाखाली नवा अग्नी चेतवला, अशी परंपरा आहे. त्या ठिकाणी आज टल्सा शहर आहे आणि ते झाडही राखलेले आहे.

दोन्ही कहाण्या शेजारी ठेवल्या की साम्यापेक्षा एक भेद अधिक बोलका वाटतो. क्रीक लोकांशी झालेले अन्यायाचे व्यवहारही कराराच्या रूपात झाले. जमीन घेताना पश्चिमेकडील जमिनीचे वचन लिहून दिले गेले. १८३२, १८३३ आणि १८६६ च्या करारांत ते शब्द राहिले. ते वारंवार मोडले गेले, पण कागदावरून पुसले गेले नाहीत. ९ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी असा निर्णय दिला की, संसदेने स्पष्ट शब्दांत रद्द केले नसल्यामुळे गंभीर गुन्ह्यांच्या अधिकारक्षेत्रापुरते क्रीकांचे राखीव क्षेत्र अद्याप अस्तित्वात आहे. २०२२ च्या दुसऱ्या एका निकालाने त्याला मुरड घातली, तरी मूळ अन्वयार्थ टिकून आहे. साहित्याच्या अभ्यासकाला या निकालात विशेष रस वाटावा. संहितेतील शब्दांचा त्या काळी होणारा अर्थ कोणता, मौनाचा अर्थ लावावा की लावू नये, दीर्घ अवहेलनेने शब्दाचा अर्थ मरतो काय, हे त्यातील प्रश्न मूलतः वाचनाचेच आहेत.

रामोशांच्या हक्काला अशी संहिता नव्हती. जमातीशी बरोबरीच्या नात्याने करार करावा, असे कोणाला वाटले नाही. १८२८ ची तडजोड एका माणसाशी होती आणि त्याच्याबरोबर ती संपली. बाकीचे हक्क गावाच्या रूढीत, खळ्यावरच्या वाट्यात, काही सनदांत आणि लोकांच्या स्मरणात होते. रूढी मोडली की हक्काचा पुरावाच मोडतो. पुढे कायद्याची जी संहिता या समाजाच्या वाट्याला आली ती गुन्हेगार जमातींची होती. १८७१ चा कायदा १९११ मध्ये सर्व देशाला लागू करण्याजोगा झाला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी हे नाव आज आहे ते त्या संहितेचा अवशेष म्हणून. 'विमुक्त' हा शब्द सुटकेचा खरा, पण तो कशातून सुटका हे सतत सांगत राहतो. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणाऱ्या १९५८ च्या कायद्याने गावकीतील उरलेसुरले नातेही संपवले. त्या कायद्याची सामाजिक न्यायबुद्धी नाकारता येणार नाही. परंतु रखवालीच्या हक्काची शेवटची लेखी खूण त्याच्याबरोबर गेली.

अशा परिस्थितीत समीक्षेने काय करावे? क्रीक समीक्षक क्रेग वोमॅक यांनी १९९९ मधील 'रेड ऑन रेड' या ग्रंथात अशी भूमिका घेतली की, क्रीक साहित्याचे वाचन क्रीक भाषा, मौखिक कथा आणि राष्ट्रीय राजकारण यांच्या आतून व्हावे; बाहेरच्या सिद्धान्तांनी त्याला पावती देण्याची गरज नाही. देशीवादाची चर्चा पचवलेल्या मराठी अभ्यासकाला ही भूमिका परिचित वाटेल. क्रीकांच्या मागे अलेक्झांडर पोझी याच्या विसाव्या शतकारंभीच्या उपरोधिक पत्रांपासून २०१९ ते २०२२ या काळात अमेरिकेची राजकवी असलेल्या जॉय हार्जोपर्यंत लेखनाची एक सलग परंपरा आहे. मराठीत विमुक्तांचे आत्मकथन १९८० च्या दशकात बहराला आले. लक्ष्मण माने यांचे 'उपरा', लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आणि बेरड समाजातून आलेले भीमराव गस्ती यांचे 'बेरड' ही त्यातील ठळक नावे. बेरड आणि रामोशी यांचे नाते जवळचे मानले जाते. तरीही नीराकाठच्या रामोशांच्या अनुभवाला या दशकात तेवढाच ठळक ग्रंथ लाभला नाही, आणि ती पोकळी मॅकिन्टॉशने भरून ठेवलेली आहे.

'आतून वाचणे' म्हणजे निर्मळ करून वाचणे, असा मात्र अर्थ होऊ नये. क्रीक राष्ट्रात कृष्णवर्णीय गुलाम होते. १८६६ च्या कराराने त्यांच्या मुक्तांना नागरिकत्व दिले, १९७९ च्या राज्यघटनेने त्यांचे वंशज वगळले गेले, आणि २०२५ मध्ये त्या राष्ट्राच्याच सर्वोच्च न्यायालयाने १८६६ चा करार वाचून त्यांचा हक्क मान्य केला. ज्या संहितेने स्वतःला वाचवले तिनेच आपल्याला दोषीही ठरवावे, हे त्या समाजाने पत्करले. रामोशांच्या इतिहासातही टोळ्यांनी लुटलेली गावे आहेत आणि लुटलेल्यांत गरीब आहेत. हे सांगितल्याने १८१८ चा अन्याय लहान होत नाही.

गेल्या काही दशकांत उमाजीच्या स्मरणाला सार्वजनिक रूप आले. 'आद्य क्रांतिवीर' ही उपाधी रूढ झाली, ७ सप्टेंबरला शासकीय कार्यालयांतून अभिवादन होऊ लागले, आणि २०२३-२४ च्या राज्य अर्थसंकल्पात त्याच्या नावाने आर्थिक विकास महामंडळाची घोषणा झाली. दीर्घकाळ गुन्हेगार म्हणवल्या गेलेल्या समाजाच्या दृष्टीने या गोष्टींचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु गौरवपर लेखनात दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे मॅकिन्टॉशचे प्रशंसोद्गार प्रमाणपत्रासारखे पुनःपुन्हा पुढे केले जातात. शत्रूची दाद ही आपली सनद होऊन बसते. दुसरी म्हणजे उमाजी, आणि त्याच्यानंतर १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडात सामील झालेले रामोशी, हे राष्ट्रीय स्वातंत्र्याच्या कहाणीचे प्रास्ताविक ठरतात. त्या कहाणीत ते शोभतात, पण त्यांचा स्वतःचा प्रश्न तिच्यात बसत नाही. तो प्रश्न जमिनीचा, हद्दीचा आणि राखणीच्या हक्काचा होता. पुतळ्याच्या हाती तलवार देता येते. मागाचे शिल्प कसे करावयाचे?

म्हणून रामोशांच्या वारशाकडे वळताना वीरकथेइतकेच मागाच्या विद्येकडे लक्ष गेले पाहिजे. मॅकिन्टॉशचे पुस्तक टाकून देता येत नाही आणि प्रमाण मानता येत नाही. त्यातून माग काढत जावे लागते. त्याने दिलेल्या बोलीच्या शब्दांत आज किती शब्द वृद्धांच्या तोंडी आहेत, बेलभंडाराची शपथ कोणत्या व्यवहारांत उरली आहे, जेजुरीच्या यात्रेतील कोणते मान नाईक घराण्यांकडे आहेत, जुन्या दप्तरांत रखवालीच्या बाबींची नोंद कोणत्या शब्दांत केली जाई, या गोष्टींची जुळणी अद्याप व्हावयाची आहे. विद्यापीठीय अभ्यासकाला हे काम काही अंतरापर्यंत करता येईल. इंग्रजी वाक्याखाली दबलेली मराठी वळणे ओळखणे, अहवाल आणि चरित्र यांचे सांधे दाखवणे, एका शब्दाचा हक्कापासून गुन्ह्यापर्यंतचा प्रवास मांडणे, ही त्याची हद्द. ती आली की थांबून, माग येथवर आला आहे, असे पुढच्या राखणदाराला दाखवून देणे हा जुन्या पद्धतीचाच नियम आहे. तो पुढचा राखणदार त्या समाजातला लिहिणारा असणार, आणि तो आपल्या हद्दीत काय वाचील हे आधीच सांगणे म्हणजे पुन्हा मॅकिन्टॉशचे काम करणे होय.

शिरवळचा परिसर आता कारखान्यांचा आहे. पुणे-सातारा महामार्गाच्या दुतर्फा उद्योग उभे राहिले आणि शिवारांच्या जागी कुंपणे आली. राखणीचे काम येथे आजही आहे. ते कंत्राटावर दिले जाते, बारा तासांच्या पाळीने मोजले जाते, आणि फाटकावरच्या वहीत येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद केली जाते. त्या वहीत नाव, वेळ आणि गाडीचा क्रमांक असतो. राखणाऱ्याचा त्या भूमीवर काही हक्क आहे काय, हे विचारणारा रकाना तिच्यात नाही.